जाळीमागचं वाचायचं नाही

हरिता आपलं स्वयंपाकाचं चॅनल बंद करणार, ही बातमी मंगळवारी सकाळी कुटुंबाच्या ग्रुपवर आली आणि त्या बातमीनं पोटात गोळा आलेलं माणूस सगळ्या तंजावुरात एकच निघालं. दुर्दैवानं ते माणूस राजम होतं. राजमला पोटात गोळा येतो हे तिच्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात गोळे आणायचे ते दुसऱ्यांच्या पोटात, असा तिचा रिवाज.

हरिता म्हणजे धाकट्या जावेची, कामाक्षीची, मुलगी. कॉलेजात असताना तिला हौस आली आणि तिनं घरातल्या बायांना चुलीपुढे उभं करून त्रेसष्ट व्हिडिओ काढले. त्यातले बासष्ट कामाक्षीचे. कामाक्षी तिरुवैयारूला राहते आणि तिला स्वयंपाक येतो ही अफवा तिनं स्वतःच पसरवलेली आहे. उरलेला एक सासूबाईंचा, कटाच्या साराचा. पुरणाची डाळ शिजल्यावर वरचं जे पाणी उरतं त्याचं सार. बाहेरचे लोक त्याला साधं सार म्हणतात. त्यांना माफ करून पुढे जाऊ.

हरिताचा निरोप बोलका होता, कारण घरातल्या निम्म्यांना मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही आणि उरलेल्या निम्म्यांना ऐकूच येत नाही. "चॅनल कुणी पाहत नाही म्हणून शुक्रवारी दुपारी बाराला काढून टाकतें," हरिता सांगत होती. "एक गंमत मात्र आहे. सगळा आलेख भाताच्या शेतासारखा सपाट, आणि आजीच्या साराला चौथ्या मिनिटावर एक शिखर, आपल्या मोठ्या देवळासारखं. दर मंगळवारी नि शुक्रवारी कुणीतरी तिथंच येऊन बसतं. कोण ते कळलं तर त्याला मी एक साडी देईन."

राजमनं फोन तांदळाच्या डब्यावर पालथा घातला. साडी तिला नको होती.

चार मिनिटं बारा सेकंदांवर हरिता विचारते, "आजी, घरात सगळ्यांत चांगलं सार कुणाचं?" सासूबाई पदरानं डोळा पुसतात, स्वयंपाकघराच्या मागल्या दाराकडे एकदा बघून घेतात आणि म्हणतात, "राजमचं. तसं मज कधी जमलं नाही." मग बोट वर करतात. "तिला सांगू नका. डोक्यावर बसेल."

सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली. त्याआधीच्या बेचाळीस वर्षांत त्यांनी राजमचं कौतुक केलं ते हे एवढंच, आणि तेही पाठीमागे, वर ताकीद देऊन. राजमला ते कळलं तीन वर्षांपूर्वी, निव्वळ चुकून. भाचा कल्याणराम चेन्नैहून आला होता, त्यानं तिच्या फोनात व्हिडिओ लावून दिले आणि कामाक्षीच्या नावे चार बोटं मोडायला म्हणून ती बघत बसली. तेव्हापासून मंगळवार नि शुक्रवार, देवापुढे दिवा लावला की स्वयंपाकघराचा पंखा मोठा करायचा, लाल रेघ बोटानं ओढत चार-बारावर आणायची आणि सासूबाईंच्या तोंडून ते ऐकायचं. सांगू नका म्हटलं होतं, म्हणून राजमनंही कुणाला सांगितलं नाही. सासूचा शब्द तिनं मोडला नाही. जिवंतपणी जेवढे मोडले तेवढे पुरे होते.

आता कुणी म्हणेल, हरिताला फोन करून मागावा की तो व्हिडिओ. असं म्हणणाऱ्यानं कामाक्षीला पाहिलेलं नाही. मागायला गेलं की देवळाच्या शिखरावर कोण बसतं ते हरिताला कळणार. हरिताला कळलं की तिच्या आईला कळणार. आणि राजम मेलेल्या सासूच्या तोंडून स्वतःची स्तुती आठवड्यातून दोनदा ऐकते, हे कामाक्षीला कळलं की ते कावेरीच्या दोन्ही काठांना कळणार. सासूबाईंच्या तेराव्याला ह्याच कामाक्षीनं राजमच्या साराचा एक घोट घेऊन, "आज जरा पाणचट झालंय ना, वहिनी," असं पंगतीत म्हटलं होतं. त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी ग्रुपवरसुद्धा बोलत नाहीत. फुलांची चित्रं पाठवतात, पण तीही दुसऱ्यांना.

तेव्हा व्हिडिओ हवा, तो कायमचा हवा आणि कुणाला कळता कामा नये. शुक्रवारी बाराच्या आत.

पहिला सल्ला समोरच्या भुवनाचा आला. राजमनं तो मागितला नव्हता, पण भुवनाचा सल्ला डासासारखा असतो, दार लावून थांबत नाही. राजमनं सहज म्हणून विचारलं की फोनातला व्हिडिओ ठेवून द्यायचा तर कसा, आणि भुवना लगेच पदर खोचून बसली.

"अक्का, सोपं आहे. एका फोनवर लावायचा, दुसऱ्यानं चित्र काढायचं. मी येतें, मी धरतें. कुठला व्हिडिओ?"

"रेसिपीचा."

"तुम्हांस रेसिपी कशाला हवी? कुणाची?"

राजमनं सांगितलं की विचारून ठेवलं होतं, बाकी काही नाही, आणि तुझं दूध उतू जात असेल. भुवनाला कळणं आणि देवळाच्या भोंग्यावर सांगणं यात फरक एवढाच, की भोंगा रात्री बंद होतो.

मग तिनं चेन्नैला फोन लावला. कल्याणराम हा तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा, चाळिशीचा, संगणकात काम करतो आणि गरिबांशी बोलावं तशा आवाजात मोठ्यांशी बोलतो.

"मावशी, फोनात ठेवलेलं उपयोगाचं नाही. तिकडनं काढलं की तुझ्याकडूनही जाईल. काकांच्या संगणकावर एक अवजार बसवून देतों. काळी खिडकी उघडते, तिच्यात आज्ञा लिहायची, ते व्हिडिओ आणून ठेवतं. पण तुला हवाय कुठला?"

"मसाल्याचं प्रमाण बघायचंय," राजम म्हणाली.

"तू? प्रमाण?"

"लाव म्हटलं की लावावं. आईस सांगू काय, मावशीस उलट बोलतोस म्हणून?"

अवजाराचं नाव मोटारीच्या नंबरपाटीसारखं होतं. ते राजमनं लक्षात ठेवलं नाही. नीट नाव नसलेल्या गोष्टी लक्षात ठेवायचं वय गेलं होतं.

काम करणार होते ते मात्र घरातले. राजमचे यजमान वेंकटरमण हे कालव्यांच्या हापिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले त्याला सोळा वर्षं झाली. निवृत्तीनंतर त्यांनी दोन गोष्टी जपल्या, एक म्हणजे कानातलं यंत्र, जे राजम बोलायला लागली की ते काढून खिशात ठेवतात, आणि दुसरी एकोणीसशे शहात्तर सालची टाइपरायटिंगची हायर परीक्षा, पहिल्या वर्गात. मिनिटाला पंचेचाळीस शब्द, कळांकडे न बघता. त्यांनी कळांकडे बघितलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं, पण तो पहिल्या वर्गाचा अपमान झाला असता.

"काका," बुधवारी सकाळी कल्याणराम फोनवर समजावत होता आणि राजम फोन धरून यंत्र कानात राहील यावर नजर ठेवून होती, "ह्या अवजारास दर वेळी सांगावं लागतं, कुठं ठेवू, केवढं आणू. ते सगळं एका फायलीत एकदाच लिहून ठेवायचं. ते आधी ती फाईल वाचतं, मग कामाला लागतं."

"स्टँडिंग ऑर्डर," काका म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर सोळा वर्षांत न आलेलं तेज आलं.

"तेच समजा. मी चार ओळी पाठवतों, तेवढ्याच लिहा. शेवटची ओळ अशी आहे की नुसतं नाव लिहिलं तरी ते शोधून पहिलं जे मिळेल ते आणतं. तुम्हांस लांबलचक पत्ते लिहावे लागू नयेत म्हणून."

एवढं सांगून कल्याणराम मीटिंगला गेला. आजकालची माणसं आग लावून मीटिंगला जातात.

वेंकटरमणांनी हात धुतले, खुर्ची पुढे ओढली आणि चार ओळी टाइप केल्या. मग त्या चार ओळींकडे ते बराच वेळ बघत राहिले. आगा नाही, पिछा नाही. अनोळख्या माणसाकडे काम आहे आणि त्याला नमस्कारसुद्धा नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी असा कागद सही करून पुढे पाठवला नव्हता. तेव्हा त्यांनी वर डाव्या बाजूस पाठवणाऱ्याचा पत्ता घातला, पिनकोडासकट. खाली "टू", मग "रिस्पेक्टेड सर", मग विषय, मग एक नम्र परिच्छेद, त्यानंतर त्या चार ओळी आणि शेवटी "थँकिंग यू, युअर्स फेथफुली". इंग्रजी निर्दोष होतं. राजमला ते वाचता येत नव्हतं, पण तमिळ शाळेत चौथीपर्यंत जाऊनही तिला एवढं कळत होतं की चार ओळींच्या कामाला पानभर कागद लागला की ते काम सरकारी झालं.

"एवढं काय लिहिलंत?"

"पद्धत असते," ते म्हणाले आणि त्यांनी कळ दाबली.

अवजारानं अर्ज वाचला. नुसता वाचला नाही, शब्दन् शब्द मनावर घेतला. शेवटच्या ओळीत सांगितलं होतं ना, नाव दिलं की शोधून आण म्हणून, तर अर्जातला प्रत्येक शब्द हे एकेक नाव धरून ते शोधायला निघालं. "तंजावूर" म्हणून त्यानं एका लॉजाची जाहिरात आणली. "टू" म्हणून एक अस्वल आणलं, जे पोरांना इंग्रजी शिकवत होतं. "रिस्पेक्टेड" म्हणून कुठल्याशा गावच्या सरपंचाचा सत्कार, "सर" म्हणून गणिताची शिकवणी. "हंबली" ह्या शब्दाला उत्तरेकडच्या कुणा महाराजांचं दोन तासांचं प्रवचन मिळालं. राजम म्हणाली की निदान ह्यातनं तुम्ही काही शिका, पण यंत्र खिशात होतं.

"युअर्स" ह्या शब्दाला जे आलं ते सांगण्यासारखं नाही. एक बाई धबधब्याखाली नाचत होती आणि तिच्या अंगावर साडी होती हे विश्वासावर घ्यावं लागत होतं. वेंकटरमण ते कर्तव्यबुद्धीनं तपासत होते. त्याच क्षणी भुवना कढीलिंबाच्या चार काड्या मागायला आत आली. तिच्या परसात कढीलिंबाचं झाड आहे.

"अण्णांस बरं वाटतंय ना," भुवना म्हणाली.

"हापिसचं काम आहे," राजमनं सांगितलं. आपल्या तोंडून असलं वाक्य निघेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

घरात इंटरनेट म्हणजे राजमच्या फोनातलं, रोजचं मोजून दीड जीबी. बुधवारचं दीड जीबी अर्जाच्या शिष्टाचारात संपलं. सासूबाईंचं नावसुद्धा निघालं नाही.

गुरुवारी कल्याणरामनं तो अर्ज मागवून वाचला. चेन्नैच्या बाजूनं खोकल्यासारखं काहीतरी आलं.

"काका, 'रिस्पेक्टेड सर' काढा."

"ते काढता येणार नाही," वेंकटरमण म्हणाले. सबंध आयुष्यात एवढ्या ठाम आवाजात ते राजमशी बोलले असते तर संसार वेगळा झाला असता.

"मग एक करा. ज्या ओळीपुढे हॅशची खूण असते ती ओळ अवजार वाचत नाही. दोन उभ्या, दोन आडव्या रेघा, जाळीसारखी. आपल्यासाठी टिपण असतं ते. जाळीमागचं सगळं त्यास दिसतं, पण ते मनावर घेत नाही."

वेंकटरमणांना ही सोय फार आवडली. फायलीच्या समासात टिपणं लिहिण्यातच त्यांचं तारुण्य गेलं होतं. त्यांनी अर्जाच्या प्रत्येक ओळीपुढे एकेक जाळी लावली. अशा रीतीनं सभ्यताही राहिली आणि कामही अडेना.

राजम मात्र त्या जाळीकडे निराळ्याच नजरेनं बघत होती. ऐकायचं पण मनावर घ्यायचं नाही, एवढी साधी खूण, आणि ती यंत्रांना दिली, सुनांना दिली नाही. बेचाळीस वर्षं. "भातात खडे आहेत." "तुझ्या आईनं हेच शिकवलं काय?" "कामाक्षीचा हात बघ कसा हलका." एकेक ओळीपुढे जाळी लावत गेली असती तर रक्तदाबाच्या गोळ्या तरी वाचल्या असत्या.

"आता पत्ता दे," वेंकटरमण म्हणाले. "व्हिडिओचा. शोधा म्हणालीस तर मीच शोधतों."

"तुम्ही शोधू नका," राजम घाईनं म्हणाली. शोधताना त्यांनी तो लावला असता. आणि तिनं हरिताच्या निरोपाखाली जो पत्ता होता तो त्यांना दिला. हरिताचा निरोप, हरिताचाच पत्ता, त्यात चुकायचं काय?

तो पत्ता सबंध चॅनलचा होता.

काळ्या खिडकीत आकडे धावायला लागले, एक टक्का, दहा टक्के, शंभर, आणि वेंकटरमण प्रत्येक शंभराला मान डोलवत होते. राजम देवाजवळ जाऊन हात जोडून आली. तासाभरानं येऊन बघते तो फोल्डरात कामाक्षी. कामाक्षी वांगी चिरतेय, कामाक्षी डांगर कालवतेय, कामाक्षी पोळी उलटताना अशी हसतेय जशी काही पोळीनंच तिला विनोद सांगितला. जी जाऊ सहा वर्षांत ह्या घराच्या पायरीवर आली नव्हती ती एका दुपारी छत्तीस वेळा आत आली आणि कायमची राहायला आली. तिच्या स्वतःच्या मुलीनं जे पुसून टाकायचं ठरवलं होतं ते राजमनं स्वतःच्या इंटरनेटानं जपून ठेवलं होतं.

"थांबवा ते."

"क्रमानं चाललंय," वेंकटरमण म्हणाले. "पुढचा सासूबाईं... आपला, आईचा आहे." इतकी वर्षं बायकोचं ऐकून ऐकून ते स्वतःच्या आईलाही सासूबाई म्हणायला लागले होते.

सदतिसाव्या नंबरावर सासूबाई आल्या. शंभर टक्के झाले आणि त्याच्या पुढच्याच ओळीला फोनातलं दीड जीबी संपलं. वेंकटरमणांनी फाईल उघडली. पडद्यावर सासूबाई उभ्या, नऊवारी नेसलेल्या, डाव पातेल्यात फिरवत. ओठ हलत होते. आवाज नव्हता.

राजमनं आवाजाची कळ फिरवली, संगणकाला मागून दोन थपडा दिल्या. काही नाही. सासूबाई बोलत होत्या, बोट नाचवत होत्या, कुणाला तरी नावं ठेवत होत्या हे भिवयांवरून कळत होतं, पण शब्द ऐकू येत नव्हता. ज्या गोष्टीसाठी राजमनं मंगळागौरीपासून मारुतीपर्यंत सगळ्यांना नवस केले होते ती गोष्ट, म्हणजे सासूबाई गप्प, ही आत्ता पूर्ण झाली होती. देवाचा कारभारही त्या हापिसासारखाच, अर्ज मंजूर होतो तेव्हा त्याची गरज उरलेली नसते.

"चित्र वेगळं येतं, आवाज वेगळा," कल्याणरामनं संध्याकाळी सांगितलं. "दोन्ही जोडायचं अवजार निराळं असतं, ते मी पुढच्या महिन्यात येऊन बसवतों. उद्या सकाळी नवा डेटा आला की नुसता आवाज आणून ठेवा. पण मावशी, प्रमाण बघायचं तर चित्रात दिसतंच की. आवाज कशाला हवाय?"

"मीठ," राजम म्हणाली. "मीठ दिसत नाही."

शुक्रवारी सकाळी सातला वेंकटरमण आंघोळ करून संगणकापुढे बसले. ह्या वेळी पत्ता राजमनं आपल्या फोनातून, त्या एकाच व्हिडिओचा दिला. अवजार म्हणालं की मी जुना झालों, मला नवा करा, मग चालतों. वेंकटरमणांना ते पटलं, त्यांचंही तेच म्हणणं असे. नवं कसं करायचं ते विचारायला कल्याणरामला फोन केला तर तो व्यायामशाळेत. साडेआठला घाम पुसत त्यानं सांगितलं. नवं होऊन अवजार निघायला आणि नऊ वाजायला एकच गाठ पडली, आणि करंट गेला.

"आज नऊ ते दोन देखभाल आहे," वेंकटरमण म्हणाले. "काल पेपरात होतं. मी मोठ्यानं वाचून दाखवलं होतं."

"मग मी कसं ऐकलं नाही?"

"तू बोलत होतीस."

वर्षभर कुठलीच गोष्ट वेळेवर न करणारे लोक देखभालीचा करंट मात्र सेकंदाला धरून काढतात. बारा वाजता हरिता सगळं पुसणार. आणि साडेदहा ते बारा शुक्रवारचा राहुकाळ, त्यात तर काही सुरू करायचा प्रश्नच नाही. उरला दीड तास, आणि गल्लीत इन्व्हर्टर एकाच घरी.

राजमनं ते घर खिडकीतून पाहिलं. भुवनाच्या ओसरीवरचा पंखा फिरत होता, मुद्दाम फिरत असल्यासारखा.

माणसाची मान किती खाली जाते हे त्या सकाळी सगळ्या मेल वीधी गल्लीनं पाहिलं. संगणकाचा डबा आणि पडदा इस्त्रीवाल्याच्या ढकलगाडीवर ठेवला. धूळ लागू नये म्हणून वर राजमची जुनी रेशमी नऊवारी, काठ बाहेर. पुढे राजम, मागे कीबोर्ड दोन्ही हातांवर धरून वेंकटरमण, आणि मधे निखारे काढून ठेवलेली गाडी. फुलवालीनं कुठली देवी म्हणून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता जाईचा गजरा वर टाकला. सायकलवरून जाणारा एकजण पाय टेकून नमस्कार करून गेला. राजमनंही मान जराशी हलवून तो स्वीकारला. सांगत कुठं बसायचं.

"या अक्का," भुवना दारात उभी होती. "रेसिपी फार अवघड दिसते."

तारा जोडायला तास गेला, कारण कुठली तार कुठं ती भुवना सांगत होती. दहा वाजून सव्वीस मिनिटांना काळी खिडकी उघडली. भुवनानं खुर्ची ओढली, कान राजमच्या बाजूला केला आणि हात मांडीवर ठेवले, जसे लोक कीर्तनाला बसतात.

आकडे धावले. चाळीस टक्के. सत्तर. दहा अठ्ठावीसला शंभर.

"वाजतंय काय ते बघावं लागेल," वेंकटरमण म्हणाले. "नाहीतर परत आणायला वेळ नाही."

राजमनं भुवनाकडे पाहिलं. "भुवना, तुझ्या हातची कॉफी पिऊन किती दिवस झाले."

भुवनाला धक्का बसला. एकवीस वर्षांच्या शेजारात राजमनं तिच्या कॉफीला धुवण म्हटलं होतं, गढूळ म्हटलं होतं, पण मागितली कधी नव्हती. ती उठली.

"पहिल्या डिकाक्शनची," राजम म्हणाली. "नवी पूड घालून. थेंब थेंब पडू दे, घाई नको."

भुवना आत गेली. वेंकटरमणांनी पांढऱ्या बाणानं रेघ मधे कुठं तरी दाबली, नुसतं वाजतंय का ते बघायला. जागा राजमनं सांगितली नव्हती. ती योगायोगानं तीन मिनिटं पंचावन्नची होती.

पडद्यावर चित्र नव्हतं, नुसता आवाज. सासूबाईंचा, खरखरीत, नाकात किंचित, अगदी ह्या ओसरीत उभ्या असल्यासारखा. हिंग कधी घालायचा ते त्या सांगत होत्या आणि हिंग चुकीच्या वेळी घालणाऱ्या बायांविषयी आपलं मत देत होत्या. राजमनं आवाज कमी करायची कळ शोधली. कळांवरची अक्षरं इंग्रजी होती. तिनं नवऱ्याच्या कानाकडे पाहिलं, यंत्र खिशात असेल म्हणून.

यंत्र कानात होतं.

"आजी, घरात सगळ्यांत चांगलं सार कुणाचं?"

आवाजात थोडी पोकळी. पदर. मागलं दार.

"राजमचं. तसं मज कधी जमलं नाही. तिला सांगू नका. डोक्यावर बसेल."

मग पुन्हा हिंग. वेंकटरमणांनी हात पुढे करून ते बंद केलं. आत स्वयंपाकघरात फिल्टराचं झाकण वाजलं. ते पडद्याकडे बघत राहिले, काळ्या खिडकीकडे, आणि राजम गाडीवरून आणलेल्या त्या नऊवारीची घडी घालत राहिली. घडी आधीच घातलेली होती.

"काही ऐकलंत?" तिनं विचारलं.

"नाही," वेंकटरमण म्हणाले. "पुढे जाळी होती."

भुवना कॉफी घेऊन आली तेव्हा संगणक बंद होता. तिनं दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि मीठ किती निघालं म्हणून विचारलं. राजमनं सांगितलं, बेतानं. कॉफीत साखर जास्त होती. कॉफी तिनं तळापर्यंत प्यायली आणि साखर जास्त झाल्याचं सांगितलंही.

बारा वाजता हरितानं म्हटल्याप्रमाणे सगळं काढून टाकलं. ग्रुपवर कामाक्षीनं रडणारी तीन तोंडं पाठवली. तिचे छत्तीस व्हिडिओ कुठं आहेत हे सांगावं असं राजमला क्षणभर वाटलं. क्षण गेला.

शुक्रवार होता, पण पुरणाचा नव्हता. तरी राजमनं डाळ शिजत घातली, वरचं पाणी काढलं आणि सार केलं. वेंकटरमणांनी भात कालवला, एकदा वाढून घेतलं, दुसऱ्यांदा घेतलं, तिसऱ्यांदा वाटी नुसतीच पुढे केली. अठ्ठेचाळीस वर्षांत ह्या माणसानं पानावरच्या कुठल्याही पदार्थाविषयी चांगला अथवा वाईट शब्द काढलेला नव्हता.

"कसं झालंय म्हणून एकदा तरी सांगाल काय?" राजम डाव हातात धरून म्हणाली.

वेंकटरमणांनी वाटी तोंडाला लावली, रिकामी केली आणि परत पुढे केली.

"सांगायचं नाही," ते म्हणाले. "वरून हुकूम आहे."